आधी अंदाज लिहा, मग मीटर लावा: व्हॉल्व्हविषयी वाचकांचे प्रश्न

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळीच्या, ॲम्प्लिफायरवर या सदरात लिहिल्यापासून पत्रांचा ओघ थांबलेला नाही. त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: व्हॉल्व्हचे सर्किट नुसते जोडायचे नाही, ते स्वतः आखता आले पाहिजे, आणि ते हाताने करून शिकायचे आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (फोंडा तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक): ट्रायोडचा, म्हणजे ॲनोड, ग्रिड आणि कॅथोड असलेल्या व्हॉल्व्हचा, सिद्धांत मी अनेक वर्षे फळ्यावर शिकवला. त्याची सूत्रे मला आजही तोंडपाठ आहेत. तरीही कोऱ्या कागदावर एखादी साधी स्टेज (सिग्नल वाढवणारा एका व्हॉल्व्हचा टप्पा) आखायला बसलो की हात थांबतो आणि शेवटी कोणाचा तरी छापील आराखडा उतरवून घेतो. प्रयोगातून शिकायचे तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर: आपण ॲम्प्लिफायरपासून सुरुवात करू नये, एका व्हॉल्व्हपासून करावी, आणि तीही ४५ व्होल्टवर. व्हॉल्व्ह म्हटले की तीनशे व्होल्ट हवेतच, असा समज आहे; परंतु ईसीसी८२ हा व्हॉल्व्ह, ज्याला अमेरिकी पद्धतीने १२एयू७ म्हणतात, ४५ व्होल्टवरही मोजता येण्याइतका प्रवाह देतो. पूर्वी वीज न पोचलेल्या गावांतले पुष्कळ रेडिओ ४५ किंवा ९० व्होल्टच्या बॅटरीवर चालत असत. नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकीला एक जोडल्या की आपला एच.टी. पुरवठा, म्हणजे ॲनोडला लागणारा चढ्या व्होल्टेजचा पुरवठा, तयार होतो, आणि प्रत्येक जोडावर तार काढली की ९, १८, २७, ३६ आणि ४५ अशी पाच व्होल्टेजे हाताशी येतात. हीटरसाठी, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेसाठी, बारा व्होल्टचा साधा ॲडॅप्टर चालतो. तो ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांना लावावा. सॉकेट खालून पाहिले असता, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजत १ हा ॲनोड, २ हा ग्रिड (जाळी) आणि ३ हा कॅथोड. चांगल्या चिनीमातीचे सॉकेट एका जाड फळीवर बसवून घ्यावे आणि प्रत्येक पिनेची तार स्क्रूच्या कनेक्टरपर्यंत आणावी, म्हणजे दर वेळी सोल्डरिंग करावे लागत नाही.

आता पहिला प्रयोग. ग्रिड सरळ कॅथोडला जोडा, ॲनोडला १८ व्होल्ट द्या आणि मिलिॲम्पिअरचा आकडा वहीत लिहा. नंतर ॲनोडचे व्होल्टेज ३६ करा, प्रवाह वाढेल. मग पेन्सिल सेलच्या जोडीवर एक दहा किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून त्याच्या मधल्या टोकावरून ग्रिडला हळूहळू ऋण व्होल्टेज द्या, आणि प्रवाह पहिल्या आकड्यावर परत आला की थांबा. ॲनोडवर वाढवलेले १८ व्होल्ट ग्रिडवरच्या किती व्होल्टने खोडून काढले, ते पाहा. हा आकडा एक व्होल्टच्या आसपास येतो. अठराला त्याने भागले की जे उत्तर येते तोच म्यू, म्हणजे व्हॉल्व्हचा वर्धनगुणक. ईसीसी८२ साठी डेटाशीटमध्ये तो १७ ते २० दिलेला असतो. आपल्या टेबलावर तो पंधरा आला तरी बिघडत नाही, कारण कमी प्रवाहावर म्यू थोडा उतरतोच. जाळीवरचा एक व्होल्ट ॲनोडवरच्या सतरा-अठरा व्होल्टच्या तोडीचा आहे, हे वाक्य आपण वर्गात अनेकदा उच्चारले असेल. मीटरचा काटा किंवा आकडा बोटाच्या हालचालीने मागे येताना पाहिला की ते वाक्य वेगळेच कळते, आणि पुढे सर्किट आखताना उपयोगी पडते ते हेच कळणे.

त्याच मांडणीवर आणखी दोन मोजमापे करावीत. ॲनोड ४५ व्होल्टवर स्थिर ठेवून ग्रिड शून्यावरून उणे अर्ध्या व्होल्टवर न्या. प्रवाहातील फरकाला अर्ध्याने भागले की ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडच्या एका व्होल्टमागे प्रवाह किती बदलतो तो आकडा, मिळतो. मग ग्रिड स्थिर ठेवून ॲनोड ३६ वरून ४५ वर न्या. व्होल्टेजच्या फरकाला प्रवाहाच्या फरकाने भागले की अंतर्गत रोध मिळतो. या दोघांचा गुणाकार म्यूच्या जवळपास यायला हवा. तो तसा आला नाही तर चूक कोठे झाली हे शोधण्यात एक संध्याकाळ जाईल आणि ती वाया गेलेली नसेल. बहुधा बॅटरी उतरलेली असते, किंवा व्हॉल्व्ह पुरता तापण्याआधी आकडा घेतलेला असतो.

यानंतर मुख्य काम. पाचही व्होल्टेजांवर ग्रिड शून्य, उणे अर्धा, उणे एक असे ठेवून आकडे घ्या आणि आलेखाच्या कागदावर वक्र स्वतः काढा. मग २२ किलोओहमची भाररेषा आखा: आडव्या अक्षावर ४५ व्होल्ट, उभ्या अक्षावर ४५ भागिले २२, म्हणजे साधारण २ मिलिॲम्पिअर, आणि या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ. ग्रिड उणे अर्ध्या व्होल्टवर असताना ॲनोडवर किती व्होल्ट असतील, ते त्या रेघेवरून वाचा आणि वहीत शाईने लिहा. त्यानंतरच रेझिस्टर जोडून मीटर लावा. हा क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मीटर आधी लावले की जो आकडा दिसतो तोच आपल्याला अपेक्षित होता असे मन सांगू लागते. लिहिलेला अंदाज आणि मोजलेला आकडा यांच्यात जे अंतर उरते, त्या अंतराचे कारण शोधताना मी जेवढे शिकलो तेवढे मी कोणत्याही आराखड्याची नक्कल करताना शिकलेलो नाही.

४५ व्होल्टवर हात बसल्यावर पुढचा पुरवठा घरीच करता येतो. बाजारात सहज मिळणारे २३० ते १२ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर घ्यावेत, पहिला मोठा आणि दुसरा लहान. पहिल्याच्या बारा व्होल्टवर दुसरा उलटा जोडला की त्याच्या दुसऱ्या टोकांवर पुन्हा दोनशेच्या आसपास व्होल्ट मिळतात. ब्रिज रेक्टिफायर आणि कंडेन्सरनंतर एच.टी. २५० ते ३०० व्होल्टच्या दरम्यान येतो, आणि हीटर मधल्या बारा व्होल्टवरच चालतो. मात्र लहान ट्रान्सफॉर्मर कमी भारावर छापील आकड्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतात, म्हणून हीटर पेटलेला असताना तेथे मोजून पाहावे आणि १२.६ च्या फार वर असेल तर काही ओहमचा रेझिस्टर ओळीत घालावा. पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या आधी फ्यूज असलाच पाहिजे. या पायरीवर चढण्यापूर्वी पुढचे उत्तर वाचावे.

प्रश्न (वास्को येथील एक आई): माझा मुलगा अकरावीत शिकतो. त्याने ४५ व्होल्टवरचे प्रयोग केले असून आता त्याला तीनशे व्होल्टचा पुरवठा बांधायचा आहे. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. (प्रवाह गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे, त्यामुळे धोका नाही असे तो म्हणतो. मी परवानगी द्यावी का?

उत्तर: ताई, आपल्या मुलाची एक समजूत चुकीची आहे आणि ती आजच दुरुस्त व्हायला हवी. आर.सी.सी.बी. हा घरात येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या प्रवाहातील फरक ओळखतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला एका हाताने एच.टी. आणि दुसऱ्या हाताने चासी (सर्किट ज्यावर बसवतात तो धातूचा सांगाडा) धरली गेली, तर तो प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्याच वळशात फिरतो. अलीकडच्या बाजूला येणारा आणि जाणारा प्रवाह सारखाच राहतो आणि आर.सी.सी.बी. पडत नाही. तो बसवलेला आहे हे चांगलेच आहे, परंतु या कामात तो मुलाचे रक्षण करणार नाही.

तरीही मी आपल्याला नकार द्या असे सांगणार नाही. काही अटी घालून परवानगी द्यावी, आणि त्या अटी कागदावर लिहून टेबलाच्या वर चिकटवाव्यात. घरात दुसरे माणूस जागे असल्याशिवाय एच.टी. चालू करायचा नाही. पायात कोरड्या चपला आणि खाली रबरी चटई हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर फरशीला ओल येते, तिच्यावर अनवाणी उभे राहून हे काम होत नाही. मीटरची काळी तार मगरचिमट्याने चासीला आधी लावायची, लाल तारही शक्यतो वीज बंद असतानाच जोडायची, आणि चालू सर्किटमध्ये हात घालणे अटळच असेल तर एकच हात, दुसरा पाठीमागे. पावसाळ्यात वीज जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. वीज गेली म्हणून सर्किट मेलेले आहे असे समजून कोणी तारा चाचपू लागला आणि तेवढ्यात वीज आली, तर काय होईल याचा विचार करावा. म्हणून वीज गेली तरी प्लग भिंतीतून उपटून टेबलावर समोर दिसेल असा ठेवायचा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंडेन्सर. प्लग काढल्यावरही त्यात भार उरतो. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० व्होल्टवर असेल, तर त्याच्यावर कायम जोडलेला १०० किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे हा भार उतरवणारा रेझिस्टर, त्याला १० व्होल्टच्या खाली आणायला साधारण १६ सेकंद घेतो. त्या ब्लीडरमध्ये जवळजवळ एक वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून तो दोन वॉटचा किंवा त्याहून मोठाच घ्यावा. मुलाने हे १६ सेकंद आधी स्वतः गणिताने काढावेत, मग आपल्यासमोर प्लग उपटून मीटरवर उतरता आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. त्याचे गणित आणि मीटर जुळले, आणि आकडा १० च्या खाली आल्याशिवाय त्याचा हात पुढे गेला नाही, तर परवानगी द्यायला हरकत नाही. ब्लीडर कधी तरी तुटतो, म्हणून दर वेळी मीटर पाहायचेच, ही अट शेवटपर्यंत राहील.

प्रश्न (डिचोलीचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी): ईसीसी८३ या ट्रायोडची एक स्टेज मी स्वतः आखली. एच.टी. २५० व्होल्ट, ॲनोडला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड. म्यू १०० आणि अंतर्गत रोध ६२.५ किलोओहम धरून गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) ६१ येतो. प्रत्यक्षात पुढे १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट लावून मोजला तर ४४ च मिळतो. दोन व्हॉल्व्ह बदलून पाहिले, फरक नाही. माझे सूत्र चुकले की मोजमाप?

उत्तर: तुमचे दोन्ही बरोबर आहे, आणि दोन व्हॉल्व्हनी सारखाच आकडा दिला हीच त्याची खूण आहे. डेटाशीटनुसार या मांडणीत प्रवाह सुमारे ०.८६ मिलिॲम्पिअर असतो. म्हणजे कॅथोडवर १.३ व्होल्ट आणि ॲनोडवर १६४ व्होल्टच्या आसपास. हे दोन आकडे आधी पडताळून पाहा. ते जुळत असतील तर व्हॉल्व्ह योग्य जागी बसलेला आहे आणि दोष डी.सी. बाजूला नाही.

आता सिग्नलच्या डोळ्यांनी पाहा. कपलिंग कंडेन्सर, म्हणजे स्टेजला पुढच्या भागाशी जोडणारा कंडेन्सर, सिग्नलला अडवत नाही, त्यामुळे ॲनोडवरचा १०० किलोओहम आणि पुढचा १०० किलोओहमचा पॉट हे सिग्नलच्या दृष्टीने समांतर आहेत. व्हॉल्व्हला प्रत्यक्षात ५० किलोओहमचा भार दिसतो. सूत्रात १०० च्या जागी ५० घाला: १०० गुणिले ५० भागिले ११२.५, उत्तर ४४. तुमच्या मीटरने हेच सांगितले होते. भाररेषा काढताना बहुतेक विद्यार्थी डी.सी. ची रेघ काढून थांबतात; काम करण्याच्या बिंदूतून जाणारी दुसरी, अधिक उभी रेघ काढायची राहून जाते. ती काढा. मग पॉटची तार सोडवून गेन पुन्हा मोजा, तो ६० च्या दिशेने चढेल. त्यानंतर एक मेगाओहमचा पॉट लावा आणि लावण्यापूर्वी अंदाज लिहा. भार ९१ किलोओहम होतो, तेव्हा गेन ५९ च्या जवळ यावा.

येथेच थांबू नका, कारण याच स्टेजमध्ये आणखी एक प्रयोग दडलेला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. एक मेगाओहमचा पॉट तसाच ठेवून २२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचे एक टोक सोडवा. गेन जवळपास निम्मा होऊन तीसवर येईल. कॅथोड आता सिग्नलबरोबर वरखाली होतो आणि ग्रिड व कॅथोड यांच्यातले अंतर कमी करतो, १.५ किलोओहमचा रेझिस्टर ॲनोडच्या बाजूने पाहिला असता म्यू अधिक एक, म्हणजे १०१ पट मोठा होऊन दीडशे किलोओहमसारखा वागतो. प्रतिपोषण या शब्दाने वर्गात जे शिकवतात ते हेच, आणि येथे ते एका सोडवलेल्या तारेत दिसते. नंतर २२ च्या जागी एक मायक्रोफॅरड लावा आणि ५० हर्ट्झपासून एक एक पायरी वर जात गेन मोजा. कंडेन्सरला तेथे दिसणारा रोध साधारण पाऊण किलोओहम असतो, म्हणून दोनशे हर्ट्झच्या खाली गेन उतरताना दिसेल. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये खालचे सूर आवरते घ्यायला हीच युक्ती वापरतात, आणि आपल्याकडच्या बँडवाल्यांना तिचा आवाज ओळखीचा आहे, नाव माहीत नसले तरी.

मोजण्याविषयी दोन सूचना. साध्या मल्टिमीटरची ए.सी. रेंज काहीशे हर्ट्झच्या पलीकडे विश्वासाची नसते, म्हणून १००० हर्ट्झऐवजी २०० ते ४०० हर्ट्झवर मोजा. आणि मोबाइलवरून घेतलेला सिग्नल विभागून शंभर मिलिव्होल्टच्या आत ठेवा. ग्रिडचा बायस (कॅथोडच्या तुलनेत ग्रिडवरचे स्थिर ऋण व्होल्टेज) १.३ व्होल्टच आहे, त्याच्या जवळ जाणारा सिग्नल दिला तर ग्रिडमधून प्रवाह वाहू लागतो आणि मोजलेला गेन खोटा ठरतो.

प्रश्न (पेडणे तालुक्यातील एक हार्मोनियमवादक): भजनाच्या कार्यक्रमांसाठी मी ईसीसी८३ आणि ईएल८४ (स्पीकर चालवणारा आउटपुटचा व्हॉल्व्ह) यांचा एक छोटा ॲम्प्लिफायर जुन्या रेडिओच्या भागांतून बांधला. उन्हाळ्यात तो उत्तम चालला. पाऊस सुरू झाल्यापासून तो घुमतो, आवाज फाटतो आणि ईएल८४ पूर्वीपेक्षा जास्त तापतो. कोणता भाग बदलावा?

उत्तर: कोणताही भाग बदलण्यापूर्वी आपल्या कानांचा उपयोग करून घ्यावा, कारण आपल्याकडे ते तयार कान आहेत. घूं आवाज दोन प्रकारचा असतो. रेक्टिफायरनंतरच्या गाळणीत कमतरता असेल तर तो १०० हर्ट्झचा असतो. हीटरच्या तारांतून किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून शिरत असेल तर ५० हर्ट्झचा. पांढरी पाचचा खर्जातला स्वर ९८ हर्ट्झचा आहे. पेटीवर तो धरून ॲम्प्लिफायरशी ताडून पाहा. त्याच्याशी जवळजवळ जुळणारा, किंचित चढा आवाज असेल तर तो १०० हर्ट्झचा, आणि त्याच्याही एक सप्तक खाली जाणवत असेल तर ५० चा. पहिल्या प्रकारात गाळणीच्या कंडेन्सरला समांतर दुसरा चांगला कंडेन्सर जोडून आवाज उतरतो का ते पाहावे. दुसऱ्या प्रकारात हीटरच्या दोन तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि प्रत्येक तारेपासून चासीला १०० ओहमचा एक एक रेझिस्टर द्यावा. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वळशाला मधले टोक असेल आणि ते चासीला जोडलेले असेल, तर हे रेझिस्टर लागत नाहीत.

परंतु तापणारा ईएल८४ आणि फाटणारा आवाज यांमुळे मला दुसराच संशय येतो. ईसीसी८३ च्या ॲनोडपासून ईएल८४ च्या ग्रिडपर्यंत जाणारा कपलिंग कंडेन्सर जुन्या रेडिओतला, मेणकागदाचा असावा. त्याच्या टोकांतून ओल आत जाते आणि तो डी.सी. गळू लागतो. गळती किती क्षुल्लक वाटते ते पाहा: कंडेन्सरचा रोध ५० मेगाओहम इतका जरी उरला असेल, तरी ॲनोडवरचे १६४ व्होल्ट आणि ग्रिडचा ४७० किलोओहम यांच्या विभागणीत ग्रिडवर दीड व्होल्ट धन येतात. ईएल८४ ला त्याच्या नेहमीच्या कामासाठी सुमारे ७.३ व्होल्टचा ऋण बायस लागतो आणि ग्रिडच्या एका व्होल्टमागे त्याचा प्रवाह ११ मिलिॲम्पिअरने बदलू शकतो. कॅथोडचा रेझिस्टर यातला काही भाग सावरून घेतो, सगळा नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, एका श्रावणात, मी असाच एक ॲम्प्लिफायर दिवा मालवून ऐकत बसलो होतो. ईएल८४ च्या काचेआड ॲनोडच्या राखाडी पत्र्यावर, शिवणीच्या शेजारी, मसुराएवढा मंद लाल ठिपका दिसला. तो सुंदर दिसत होता म्हणून मी तो पाहत राहिलो. दहा मिनिटांत तो ठिपका बोटभर झाला आणि आवाज चिरकला. तो व्हॉल्व्ह पुन्हा कधी नीट वाजला नाही. लाल होणारा ॲनोड ही व्हॉल्व्हची शोभा नव्हे, ते त्याचे ओरडणे आहे, आणि ते दिसताक्षणी प्लग काढायला हवा, हे मला त्या रात्री कळले.

आपण असे करावे. ईएल८४ च्या कॅथोडवरचे व्होल्टेज मोजा. १३५ ओहमचा रेझिस्टर असेल तर ते सव्वासात व्होल्टच्या जवळ हवे. नऊ किंवा त्याहून जास्त आले तर व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे राबत आहे. मग ग्रिडवर मोजा. तेथे शून्य हवे. धन व्होल्टेज दिसले तर वीज बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री करून, कपलिंग कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. ग्रिड शून्यावर आले तर चोर सापडला. त्याच्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर बसवावा. टोक सोडवूनही ग्रिडवर धन व्होल्टेज उरले तर व्हॉल्व्ह स्वतःच बिघडलेला आहे, किंवा सॉकेट आणि टॅग स्ट्रिपवर ओलसर क्षाराचा थर साचला आहे. पेडण्याच्या किनारपट्टीवर हा थर मी फार वेळा पाहिला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला की कापूस काळसर होतो आणि पुष्कळदा ग्रिडही शून्यावर येते. पुसल्यानंतर अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत, निदान तासभर, वीज देऊ नये.

हेच मोजमाप आपण पुढच्या मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये करून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. गोव्यात सर्किट आखणाऱ्याने कोणत्या भागात किती सूट ठेवायची, हे परदेशी आराखड्यांत लिहिलेले नसते.

प्रश्न (म्हापशातील एक वाचक): आजोबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली व्हॉल्व्हची एक पेटी माझ्याकडे आली आहे. काचेवरची अक्षरे वाचता येतात, अर्थ कळत नाही. यांतले कोणते व्हॉल्व्ह शिकण्यासाठी वापरता येतील?

उत्तर: युरोपीय व्हॉल्व्हच्या नावातच त्याची माहिती असते. पहिले अक्षर हीटरचे: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, डी म्हणजे बॅटरीवरचा नाजूक १.४ व्होल्टचा फिलामेंट, पी म्हणजे ३०० मिलिॲम्पिअर आणि यू म्हणजे १०० मिलिॲम्पिअर, हे शेवटचे दोन हीटर ओळीत जोडण्यासाठी. पुढची अक्षरे आत काय आहे ते सांगतात: बी दोन डायोड, सी ट्रायोड, एफ पेंटोड, एल आउटपुटचा पेंटोड, एच मिक्सरचा, झेड पूर्णतरंग रेक्टिफायर, एम म्हणजे स्टेशन लागले की हिरव्या उजेडातली सावली मिटवत आणणारा जादूचा डोळा. आकडा ८ ने सुरू होत असेल तर तळाशी नऊ पिना. म्हणून ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८० हा एका पूर्ण रेडिओचा संच झाला. ईसीसी मालिकेचा म्यू मोजून प्रयोग सुरू करावा, नंतर ईएफ आणि शेवटी ईएल. ज्यांच्या काचेच्या टोकावरचा चंदेरी डाग पांढरा पडला आहे त्यांच्यात हवा शिरलेली आहे. ते बाजूला काढावेत.

यूसीएच, यूएल, यूवाय ही नावे दिसली तर एक इशारा आहे. हे व्हॉल्व्ह ज्या रेडिओत असत, त्यांतल्या पुष्कळांत ट्रान्सफॉर्मर नसे आणि चासी सरळ विजेच्या एका तारेला जोडलेली असे; प्लग उलटा बसला की संपूर्ण चासीला २३० व्होल्ट. पेटीबरोबर असा एखादा रेडिओही आला असेल, तर तो वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याखेरीज उघड्या चासीने चालू करू नये.

आजोबांच्या वेळच्या पेटीला गोव्यात आणखी एक अर्थ आहे. पोर्तुगीज काळात पणजीहून एमिसोरा द गोवा हे रेडिओ केंद्र ऐकले जात होते, आणि १९५५ ते १९६१ या वर्षांत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून चालवलेले भूमिगत केंद्रही. त्या काळचे घरगुती रेडिओ बहुतेक व्हॉल्व्हचेच होते, आणि ते दुरुस्त करणाऱ्या दुकानांत अशाच पेट्या असत. म्हणून काच पुसताना ओले फडके किंवा अल्कोहोल वापरू नका, छापील अक्षरे त्याने निघून जातात. कोरड्या ब्रशने धूळ झाडा, पिना तेवढ्या घासून घ्या, आणि पेटीत एखादी चिठ्ठी किंवा वही सापडली तर ती व्हॉल्व्हच्या आधी वाचा. जुने मेकॅनिक कोणत्या पिनेवर किती व्होल्ट असायला हवेत, ते पुष्कळदा लिहून ठेवत असत.